वर्षभर विकणार नाही

तपासनीस कधी सांगून येत नाही. सकाळी दहाला शोरूमचं काचेचं दार उघडून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच करड्या कोटातला एक गृहस्थ आत आला. त्यानं कंपनीचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की मालकांना सवडीनं भेटेन, आधी चाव्यांचं कपाट दाखवा.

त्या कपाटाची किल्ली जिच्याकडे असे तिला वर्कशॉपमधली माणसं चावीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्यात वावगं वाटत नसे. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती सोपवायची, हे तिचं सात वर्षांचं काम. गेल्या वर्षापासून मात्र त्या कामाला एक शेपूट चिकटलं होतं.

कंपनीनं एक उंच, ऐसपैस गाडी काढली आणि लोक तिच्यावर अक्षरशः तुटून पडले. कारखान्यातून या शोरूमच्या वाट्याला महिन्याला तीन गाड्या येत आणि मागणारे शंभरावर. मग व्हायचं तेच झालं. रांगेत उभा राहून सकाळी गाडी घ्यायची आणि आठवड्याच्या आत दीडपट भावानं विकून टाकायची, असा धंदाच सुरू झाला. खरा गरजू रांगेच्या शेपटाला आणि दलाल तोंडाशी. बदनामी कंपनीची. तेव्हा कंपनीनं फास आवळला. पहिलं वर्षभर गाडी विकणार नाही, असं गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायचं. आसनांवरचं प्लास्टिक त्याच्याच हातानं शोरूममध्ये फाडायला लावायचं, म्हणजे पुढे कुणाला कोरी म्हणून खपवता यायला नको. आणि दुसरी चावी वर्षभर शोरूमच्या कपाटात, गाडीचा नंबर लावून टांगून ठेवायची. वर्कशॉपचा म्होरक्या म्हणायचा, की मुलगी दिली, पण पेटीची एक किल्ली माहेरीच ठेवून घेतली.

नियम मोडल्याचं आढळलं तर गिऱ्हाईक कायमचं बाद. पण शोरूमही सुटत नव्हती. तिच्या पुढच्या तीन महिन्यांच्या नऊच्या नऊ गाड्या दुसरीकडे वळवल्या जात. त्या नऊ गाड्यांवर ज्यांची नावं होती ती चावीबाईला पाठ होती. पहिलं नाव एका संगीतशिक्षकाचं होतं. त्याच्या बायकोची चाकाची खुर्ची घडी न घालता फक्त याच गाडीत चढत होती. तो बावीस महिने थांबला होता आणि दर सोमवारी फोन करून, त्रास देत नाही ना, असं आधी विचारायचा.

तपासनिसानं कपाटातल्या चाव्या मोजल्या. चौतीस गाड्या, चौतीस चाव्या. तो खूश झाला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं यादी मागितली, डोळे मिटून पेन्सिल टेकवावी तसे पाच आकडे निवडले आणि तिला सांगितलं, की या पाच मालकांनी चार वाजेपर्यंत स्वतः गाडी चालवत इथे यायचं. ज्यांना जमणार नाही त्यांच्या घरी मी जाईन.

पाचांत एक आकडा एकोणीस होता.

शोरूमच्या प्रत्येक माणसाला आपल्या नात्यातलं एक नाव रांगेत पुढे सुचवण्याची मुभा होती, मात्र हमी म्हणून त्यानं खाली सही करायची. तिनं सात वर्षांत एकदाच ती मुभा वापरली होती. एकोणीस नंबरच्या कागदावर गिऱ्हाईक म्हणून तिच्या भाऊजींची सही होती आणि हमीदार म्हणून तिची. हमीदाराचं काय होतं, तेही कागदावर छापलेलं होतं: गाड्या सोपवण्याच्या टेबलावरून तत्काळ कमी.

आईबाप लवकर गेल्यावर तिला ताईनं घरी नेलं होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात ती चार वर्षं राहिली आणि भाऊजींनी एकदाही तिला पाहुणी म्हणून किंवा ओझं म्हणून वागवलं नाही. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. खटारा गाडी होती, आणि शेजारी बसून ते असे शांत की जणू झोप लागली आहे. एकदा तिनं ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं आणि शेजाऱ्याच्या फाटकाचा खांब आडवा केला. शेजारी हातात काठी घेऊनच बाहेर आला. तेवढ्या वेळात भाऊजी तिला सरकवून स्वतः स्टिअरिंगच्या चाकामागे बसले होते. शिव्या त्यांनी खाल्ल्या, खांब त्यांनी बांधून दिला, आणि घरी आल्यावर ताईला सांगितलं, की आज माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

अशा माणसाचा फोन गेल्या पंधरवड्यात तीनदा आला होता. दुसरी चावी हवी होती. एकदा म्हणे पहिली हरवायची भीती वाटते, एकदा म्हणे ताईला वेगळी हवी, तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही. तिनं तिन्ही वेळा हसून टाळलं होतं. पाल तेव्हाच चुकचुकली होती, पण तिनं कानावर हात ठेवले होते.

चार मालकांना तिनं आधी फोन केले. एक जण कुरकुरला, पण चौघेही येतो म्हणाले. पाचवा फोन तिनं मागच्या अंगणात, धुलाईच्या पंपाच्या आवाजात केला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, की अर्ध्या तासात समोरच्या कॉफीच्या दुकानात ये.

तिथे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाडी दोन महिन्यांपूर्वी विकली होती. दीड तासाच्या अंतरावरच्या गावातल्या एका बांधकाम ठेकेदाराला. कागदोपत्री मालक अजून भाऊजीच होते, वर्ष भरलं की नाव बदलायचं असं ठरलं होतं. गरज होती अशातला भाग नाही, ते स्वतःच म्हणाले. ठेकेदारानं आकडा सांगितला आणि मला नाही म्हणता आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ताईला माहीत होतं. ती आठ दिवस बोलली नव्हती, मग बोलायला लागली.

ठेकेदाराला त्यांनी वाटेतच फोन लावला होता. तो दुपारपुरती गाडी द्यायला तयार होता, पण बदल्यात त्याला दुसरी चावी आजच हवी होती.

चावी मिळणार नाही, असं तिनं सांगितलं. चौतीस मोजून झाल्या आहेत, तेहतीस झाल्या तर तो माणूस कपाटासकट मला उचलून नेईल. भाऊजींनी मान हलवली. ते भांडले नाहीत. भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"बरं, चावीचं मी बघतो. ठेकेदाराला गुंडाळतो काहीतरी. गाडी मी घेऊन येतो, मीच चालवतो, कागद माझ्या नावाचे आहेत. तू काही बोलायचं नाही की करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. एवढं जमेल ना, धाकटे?"

धाकटे हे नाव त्या घरातलं होतं. शोरूममध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं.

जमेल, असं ती म्हणाली. परत येताना रस्ता ओलांडता ओलांडता तिनं स्वतःची समजूत घातली, की गप्प बसणं आणि खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगीतशिक्षकाची खुर्ची, नऊ गाड्या, सगळं सुरळीत राहतं. कुणाचं काही बिघडत नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

दुपारी एकला पहिली गाडी आली. तपासनीस काय काय बघतो ते तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. चेसिसचा नंबर, किलोमीटरचा आकडा, पहिल्या सर्व्हिसची नोंद. मग तो मालकाला चाकामागे बसवून गाडी दहा हात मागे घ्यायला लावी. स्वतःची गाडी मागे घेणारा माणूस आरशात बघतो, दुसऱ्याची घेणारा आधी बटणं शोधतो, असं त्यानं तिला सहज सांगितलं. शेवटी तो स्क्रीन चालू करी आणि गाडीला कोणकोणाचे फोन जोडले आहेत ती यादी वाची. पहिल्या गाडीत नवरा, बायको आणि सासू निघाली. सासूचा फोन कशाला म्हणून त्यानं विचारलं, तर मालक म्हणाला, की गाडी तिचीच आहे, मी नुसता चालवतो. तपासनीस सबंध दिवसात तेवढं एकदाच हसला.

यादी. एकोणीस नंबरच्या यादीत ठेकेदाराचा फोन असणार. तिनं कोपऱ्यात जाऊन भाऊजींना तीन शब्दांचा निरोप पाठवला: फोनची यादी बघतात. उत्तर लगेच आलं: पुसली, आसनाची सेटिंग पण पुसली. नुसतं उभं राहायचं हा करार तिनंच पहिल्यांदा मोडला होता, आणि ते तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. शोरूमचे मालक दोनदा खाली येऊन गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि म्हणून ते निवांत होते. एकोणीस नंबर तुमच्याच घरातला ना, मग काळजी नाही, असं म्हणून त्यांनी तिच्या टेबलावर दोन बोटं वाजवली. पावणेचारला फाटकातून ती उंच गाडी आत आली. चाकामागे भाऊजी होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

त्यांनी काम झकास केलं. चेसिसचा नंबर जुळला. आकडा तीन हजारांच्या आत होता. सर्व्हिसची नोंद भाऊजींच्या नावानं होती. गाडी मागे घेताना त्यांनी आरशात पाहिलं आणि एका हातानं वळवली. माणूस मुळात चालवणारा चांगला. त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिची छाती हळूहळू हलकी होत होती. मग तपासनिसानं स्क्रीन चालू केली.

यादी कोरी होती. एकही फोन नाही.

तो बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला. पाच महिन्यांच्या वापरातली गाडी, घरात दोन माणसं, आणि गाडीला एकाही माणसाची ओळख नाही. आपला स्वतःचा फोन परत जोडावा, एवढं भाऊजींना सुचलं नव्हतं. घर आवरताना पाहुण्यांबरोबर घरच्यांचीही खूण पुसून टाकावी, तसं झालं होतं.

तपासनिसानं आवाज न चढवता विचारलं, की तुम्ही फोन जोडत नाही का. भाऊजी म्हणाले, नाही, चालवताना फोन मला आवडत नाही, कधीच जोडला नाही. उत्तर चांगलं होतं. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण तपासनिसानं बॅगेतून डिलिव्हरीचा फॉर्म काढला होता.

या शोरूमची एक रीत होती, आणि ती चावीबाईनंच पाडली होती. गाडी हाती देताना ती गिऱ्हाइकाचा फोन स्वतः गाडीला जोडून देई आणि त्याला आत बसवून पहिला फोन घरी करायला लावी. कागदावर त्यासाठी एक ओळ होती: फोन जोडला, पहिला फोन लागला. त्यापुढे टिक आणि तिची सही. सात वर्षांत सहाशेवर गाड्या तिनं दिल्या होत्या. जे केलं नाही त्यापुढे टिक कधीच मारली नाही. एकदा एका गिऱ्हाइकाकडे फोनच नव्हता, तेव्हा तिनं ती ओळ रिकामी सोडली होती आणि समासात कारण लिहिलं होतं. मालक चेष्टेनं म्हणत, की हिची टिक बँकेत गहाण ठेवली तर कर्ज मिळेल.

एकोणीस नंबरचा पहिला फोन ताईला लागला होता. आवाज गाडीभर घुमला होता. ताईनं विचारलं होतं, की एवढ्या मोठ्यानं का बोलताय, मी काय बहिरी झाले? तिघंही हसली होती.

"इथे टिक आहे," तपासनीस म्हणाला. "फोन जोडला, पहिला फोन लागला."

"नाही हो," भाऊजी म्हणाले. ते बोलत तपासनिसाशी होते, पण नजर तिच्यावर होती. "त्या दिवशी गर्दी होती. मीच म्हटलं, राहू दे. घरचंच माणूस, तिनं टिक मारून टाकली असेल."

पंप बंद होता. वर्कशॉपमध्ये कुणीतरी पाना खाली टाकला, त्याचा आवाज इथवर आला.

तपासनिसानं तिच्याकडे पाहिलं. तो दुष्ट माणूस नव्हता. दिवसभरात त्यानं एकाही माणसाचा अपमान केला नव्हता, आणि आता तर त्यानं तिला वाट करून दिली. "होतं असं, बाई. घाईत सगळेच मारतात टिक. तसं असेल तर सांगा, मी एक शेरा लिहीन आणि विषय संपेल. जोडला होता का?"

एक शेरा. फुटकळ चूक. त्यानं नोकरी जाणार नव्हती, गाड्या जाणार नव्हत्या, भाऊजींच्या शर्टाची इस्त्रीही मोडणार नव्हती. नाही, एवढंच म्हणायचं होतं. खांबाच्या वेळी भाऊजींनी जे केलं होतं, तेच तिनं आज करायचं होतं: सरकून चाकामागे बसायचं आणि म्हणायचं, की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि ती त्यांची परतफेड मागणारी नजर नव्हती. ते तिच्याकडून न मागताच मिळणार असं ते धरून चालले होते, हे तिला जास्त लागलं.

तिला संगीतशिक्षकाचा विचार सुचला असता तर बरं झालं असतं. नऊ जणांचा, मालकांचा, न्यायाचा. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा असलं काही सांगता आलं असतं. खरं सांगायचं तर तसलं काहीच तिच्या मनात आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त ती टिक होती. सहाशे टिका, आणि तिच्यापुढे उभा राहून तिच्याच घरचा माणूस म्हणत होता, की ती कशावरही टिक मारते.

"जोडला होता," ती म्हणाली. "मीच जोडला. पहिला फोन माझ्या बहिणीला लागला. मी शेजारी बसले होते."

भाऊजींनी डोळे मिटले.

तपासनिसानं पुढचे प्रश्न सावकाश विचारले. यादी कुणी पुसली. कधी. का. भाऊजी दोन प्रश्न टिकले. तिसऱ्याला म्हणाले, की लिहा, विकली. कुणाला, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तपासनिसानं आग्रह धरला नाही. त्याला लागणारी ओळ मिळाली होती. कागद बॅगेत सरकवता सरकवता तो तिला हळूच म्हणाला, की तुम्ही नाही म्हणाला असता तर मी तसंच लिहून निघून गेलो असतो, माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. हे कौतुक होतं की आणखी काही, ते तिला कळलं नाही. दुपारी तिनं पाठवलेला निरोप तिनं आपण होऊन त्याला दाखवला. त्यानं तो वाचला आणि तोही लिहून घेतला.

भाऊजी गाडीत बसले. ठेकेदाराला सहापर्यंत पोचवायची होती. काच खाली करून ते तिला म्हणाले, की ताईला मी सांगतो, तू नको फोन करू. रागानं नाही, जसं ते पूर्वी म्हणायचे, की आज पुरे, उद्या क्लच बघू.

तिनं तरी फोन केला. भाऊजी फाटकाबाहेर पडायच्या आत केला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं, असं तिला वाटलं. तिनं काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. ताईनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"झालं बोलून?" ताईनं विचारलं.

"झालं."

"चूक त्यांची आहे. ते मी त्यांना दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय, तुझ्याकडून कळायची गरज नव्हती." मग ताई म्हणाली, "पण तू काही दिवस घरी येऊ नकोस, धाकटे. मला त्यांच्यासमोर तुला वाढता येणार नाही. मी बोलवीन तेव्हा ये."

कधी, असं तिनं विचारलं नाही. ताईनंही सांगितलं नाही.

मालक जिन्यावर उभे होते. त्यांना तपासनिसानं सगळं सांगितलं होतं. नऊ गाड्या गेल्या होत्या. ते ओरडतील असं तिला वाटलं, पण त्यांच्यात तेवढं बळ राहिलं नव्हतं. उद्यापासून तुम्ही टेबलावर नाही, ते म्हणाले, नियमच आहे. सुट्या भागांच्या गोदामात जागा आहे का बघतो, शब्द देत नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पाचांतला राहिलेला एक गाडीमालक वाटेत अडकला होता, साडेचारपर्यंत पोचणार होता, आणि तपासनिसाबरोबर फॉर्म घेऊन उभं राहायला दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं.

"तेवढी गाडी होऊ द्या," मालक म्हणाले.

तिनं होकार दिला. अजून वीस मिनिटं होती. टेबलाशी बसून तिनं वाट बघणाऱ्यांची यादी पुढे ओढली आणि पहिला नंबर फिरवला. संगीतशिक्षकानं दुसऱ्याच घंटीला उचलला. आज सोमवार नव्हता, म्हणून त्याला वाटलं गाडी आली. त्याचा आवाज एकदम तरुण झाला. तिनं त्याला ते वाक्य पुरं करू दिलं आणि मग सांगायला सुरुवात केली.